वटवाघूळ फोडणी देत नाही

आमच्या साडूंनी आजवर एकाही धडधाकट पानाकडे आदराने पाहिलेलं नाही. झाड फुलांनी लगडलेलं असो, लोक त्याच्यापुढे उभे राहून एकमेकांचे फोटो काढत असोत, साडू त्याच्या बुडाशी जाणार, मान वाकडी करून पानांची खालची बाजू बघणार आणि "याला तर कोणी तोंडसुद्धा लावलेलं नाही" असं म्हणत खट्टू होऊन परत येणार. याउलट कुंपणावरची एखादी रया गेलेली वेल, जिच्या पानांची पार चाळणी झालेली आहे, ती दिसली की त्यांचा चेहरा असा उजळतो की बघणाऱ्याला वाटावं, यांना शाळेतला मित्र भेटला. मधोमध भोकं असतील तर भुंगेरा, कडेने कुरतडलं असेल तर अळी नाहीतर नाकतोडा, पानावर पांढरी नागमोडी रेघ असेल तर पानाच्या आत राहून खाणारी बारीक अळी, आणि गुलाबाच्या पानाला कंपासने आखल्यासारखा अर्धगोल कापलेला असेल तर पानं कापून नेणारी मधमाशी. हे सगळं ते न विचारता सांगतात. मी त्यांच्या मेहुणीचा नवरा असल्यामुळे मला ऐकण्यावाचून सुटका नसते.

मुळात हा माणूस चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होता. समोर आलेल्या वस्तूवर ओरखडा, पोचा, भेग शोधायची आणि तिला ओके, रीवर्क म्हणजे दुरुस्तीला, किंवा रिजेक्ट म्हणायचं, हेच काम त्यांनी जन्मभर केलं. ती सवय कंपनीच्या गेटवर जमा करून घरी येता येत नसावी. हॉटेलात गेलं की पेल्याच्या काठावरून अंगठा फिरवून झाल्याशिवाय ते पाणी पीत नाहीत. आमच्या घरातल्या एका लग्नाच्या बस्त्याला त्यांनी बाजूला काढलेल्या साड्यांचा ढीग बघून दुकानदाराने सांगितलेला चहा परत पाठवला होता. निवृत्त झाल्यावर हे आता घरातल्या माणसांना रिजेक्टचे लाल स्टिकर लावत सुटणार, अशी ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, चांगलीच धास्ती होती. पण त्यांच्या मुलीने त्यांच्या फोनवर एक साइट उघडून दिली. आपल्या परिसरातल्या प्राण्यांच्या, किड्यांच्या खाणाखुणा कोणीही टिपायच्या, फोटो पाठवायचे, आणि जाणकारांनी ते तपासून हे काम कोणाचं ते सांगायचं, अशी ती व्यवस्था. मुलीला वाटलं होतं बाबा चार पक्ष्यांचे फोटो काढतील आणि रमतील. पक्ष्यांत साडूंना कवडीचा रस नव्हता. त्यांचं म्हणणं, पक्षी उडून जातो, त्याने टोचलेला पेरू जागेवर राहतो. "प्राणी दिसला काय, न दिसला काय. तो काय करून गेला ते बघा. खाल्लेलं खोटं बोलत नाही," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं.

तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात कंपनीतली स्टीलची सहा इंची पट्टी असते. खुणेशेजारी माप ठेवल्याशिवाय काढलेला फोटो त्यांच्या लेखी फोटोच नाही. ते आमच्याकडे थेरगावला आले की संध्याकाळी डांगे चौकात भाजी आणायला माझ्याबरोबर येतात, आणि तिथे त्यांच्यामुळे माझी अब्रू जायची वेळ येते. गिऱ्हाइकं वांगी निवडतात ती किडकं टाळायला; हे किडकं शोधायला निवडतात. आमची नेहमीची भाजीवाली मावशी आधी घाबरली, तिला वाटलं महापालिकेचा कोणी साहेब तपासणीला आलाय. नंतर ती हुशार झाली. आता ती दिवसभर बाजूला पडलेला माल एका टोपलीत झाकून ठेवते आणि साडू दिसले की हसतमुखाने पुढे करते. साडू ती टोपली घेऊन दिव्याखाली बसतात. तळवड्याला त्यांच्या घरी ताईंनी हौसेने लावलेल्या कढीपत्त्यावर एकदा फुलपाखराच्या अळ्या पडल्या, तर यांनी त्या झटकू दिल्या नाहीत. झाडाच्या काड्या उरेपर्यंत त्या घरची आमटी बिनकढीपत्त्याची झाली आणि साडू ती मिटक्या मारत जेवले.

चाकणजवळच्या एका कार्यालयात माझ्या बायकोच्या चुलतभावाचं लग्न होतं. जावयांचा मान म्हणून आम्हा दोघांना फेटे बांधले, आणि माइकवरून जावईबापूंनी स्टेजवर यावं असा पुकारा सुरू झाला, तर साडू गायब. मी शोधत शोधत कार्यालयाच्या मागे गेलो. पाण्याच्या टाकीच्या कठड्यापाशी हे फेट्यासकट उकिडवे बसलेले, एका हातात पट्टी, एका हातात फोन, आणि पुढ्यात कुठल्याशा प्राण्याची वाळलेली विष्ठा. "उदमांजर," ते मान वर न करता म्हणाले. "रात्री उंबर खाल्लेत. बिया बघा." एवढ्यात नवरीकडचे एक मामा तिथे आले आणि पाव्हणे काय करताहेत म्हणून विचारू लागले. मला सुचेना, मी सांगून टाकलं की अंगठी पडलीय. त्याबरोबर मामांनी चार माणसं हाकारली, सगळे वाकून शोधायला लागले आणि त्या गडबडीत उदमांजराचा पुरावा दोन जणांच्या बुटाखाली गेला. साडू आइस्क्रीम येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या सचोटीबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नव्हती. एकदा चाकणच्या पलीकडे एका गावात उसाच्या कडेला बिबट्याचे ठसे सापडले म्हणून बोभाटा झाला. कोणीतरी व्हिडिओ फिरवला, शिफ्ट सुटल्यावर कंपन्यांमधली पोरं गाड्या घेऊन बघायला यायला लागली, गावातला एक होतकरू पुढारी बिबट्यापासून सावधान असा फलक स्वतःच्या फोटोसह लावून मोकळा झाला. साडूही गेले. ठशाशेजारी पट्टी ठेवली, फोटो काढला आणि उठून म्हणाले, "नखं उमटलीत. बिबट्या नखं आत ओढून चालतो. हा कुत्रा आहे, मोठ्या हाडाचा." गावाला कुत्रा नको होता. पुढाऱ्याला तर मुळीच नको होता. एक जण चिडून म्हणाला, तुमी काय बिबट्याच्या घरचे हाय का? साडूंनी शांतपणे ठशाची नोंद कुत्रा म्हणून पाठवली आणि फलकावरच्या बिबट्याच्या चित्रात मिशा चुकल्यात हेही त्या पुढाऱ्याला सांगून आले.

जन्मभर दुसऱ्याचा माल परत पाठवलेल्या या माणसाचा माल आता परत येऊ लागला. त्या साइटवर नोंदी तपासणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना आम्ही कोणी पाहिलेलं नाही. साडू त्यांना नुसतं मॅडम म्हणतात आणि तसं म्हणताना आपोआप ताठ बसतात. साडूंनी मुंगूस म्हणून पाठवलेलं मॅडमनी मांजर म्हणून परत पाठवलं, घुबड म्हणून पाठवलेलं नुसतं कोंबडीचं पीस निघालं. मला वाटलं होतं साडू बिथरतील. ते खूश झाले. रिजेक्ट केलं तर केलं, पण प्रत्येक वेळी कारण लिहून दिलंय, म्हणजे डिपार्टमेंट चांगलं आहे, असं त्यांचं मत पडलं. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनासारखी होत नव्हती. तळवड्याचं त्यांचं घर बैठं आहे. मागच्या दारी कपडे धुवायची जागा, मग कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे एक उंबर आणि त्याच्यामागे दिवसभर प्रेस मशीन धपधपणारी वर्कशॉपची शेड. एवढा उंबर दारात असून तिथे वटवाघूळ खायला येतं याचा पुरावा त्यांना मिळाला नव्हता. वटवाघूळ फळ किंवा पान तोंडात घेऊन टाळूशी दाबतं, रस गिळतं आणि चोथ्याची चपटी गोळी करून थुंकून देतं. तशी एक गोळी मिळावी म्हणून साडू रोज सकाळी भिंतीवरून नजर फिरवायचे. लोक सकाळी देवपूजा करतात त्या निष्ठेने हे चाललेलं असायचं.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या सासूबाई मावळातल्या, शेतावर राबलेल्या. त्यांना दोन मुलीच. सासरे गेल्यावर त्या तळवड्याला थोरलीकडे राहायला आल्या, पण मनाने कधी पूर्ण आल्या नाहीत. लेकीच्या घरी, जावयाचं अन्न खाऊन राहायचं, हे त्यांच्या पिढीला लाजिरवाणं वाटतं. आपण कितीही समजावलं तरी ते जात नाही. साडूंची चाहूल लागली की त्या पदर पुढे ओढणार. त्यांच्यादेखत कधी घास तोंडात घालणार नाहीत. सगळ्यांची जेवणं झाली की आपलं ताट घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसणार आणि धुतलेलं ताट घेऊन आत येणार. साडूही त्या वेळी मागे फिरकत नसत. त्यांच्या लेखी तो सासूबाईंचा मान होता.

या सासूबाई वाळायला लागल्या. आधी ब्लाउज सैल झाले, मग हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, मग एकदा माझ्या बायकोने त्यांना उठायला हात दिला आणि घरी येऊन ती रडली, आईचं काही वजनच लागत नाही म्हणाली. दोघी बहिणींनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, लघवी तपासली, फोटो काढले. डॉक्टरांना काही सापडेना. नीट जेवतात का, असं त्यांनी विचारलं तर सासूबाईंनीच उत्तर दिलं, "जेवते की. प्वाटभर जेवते." ताईंनीही साक्ष दिली की दीड भाकरी वाढते आणि ताट रिकामं येतं. मग एक टॉनिक मिळालं आणि वयाचा दाखला मिळाला. माझी बायको रात्रंदिवस एकच बोलायची, की आई आपल्या डोळ्यांदेखत संपत चाललीय आणि कशाने ते कोणाला सांगता येत नाही.

आणि नेमक्या याच दिवसांत साडूंच्या मागच्या दारी खारींची चंगळ उडाली होती. भिंतीवर, उंबराच्या बुंध्याशी, जिथे तिथे कुरतडलेले तुकडे. कडेला दोन-दोन बारीक दातांच्या रेघा, म्हणजे खारच. त्यांचे फोटो रोज सकाळी आमच्या फोनवर येऊन पडायचे. खारी काय खातायत याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, कसं खातायत याकडेच होतं. माझ्या बायकोने एकदा वैतागून त्यांना फोनवर सुनावलं, "दाजी, खारींचं राहू द्या, जरा आईकडे बघा." साडू ओशाळले. त्यांना सासूबाईंची काळजी नव्हती असं मुळीच नाही. टॉनिकची बाटली संपायच्या आत दुसरी आणून ठेवणारे तेच होते. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो आला, आणि या वेळी त्याच्याखाली त्यांच्या स्वभावात न बसणारं, वर केलेल्या अंगठ्याचं चित्र होतं. भिंतीवर चोथ्याची गोळी सापडली होती. हिरवट, चपटी, धागेदार, आत एक काळी बी. उंबराखाली वटवाघूळ आलं होतं.

येणाऱ्या रविवारी त्यांनी आम्हाला जेवायलाच बोलावलं. निमित्त काही सांगितलं नाही, पण श्रीखंड आणलेलं होतं त्यावरून काय ते कळलं. जेवणं झाली, बायका आवराआवर करत होत्या, सासूबाई ताट घेऊन मागे गेल्या होत्या, आणि तेवढ्यात साडूंचा फोन वाजला. मॅडमचं उत्तर आलं होतं. साडूंनी सगळ्यांना बाहेर बोलावलं, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हा वटवाघळाचा चोथा नाही. हे शिजवलेल्या गवारीचे धागे आहेत आणि ती काळी बी मोहरीची आहे. खाली मॅडमनी एक ओळ जास्तीची लिहिली होती, वटवाघूळ फोडणी देत नाही.

आम्ही हसून हसून बेजार झालो. माझी बायको कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. मी तर साडूंना विचारलं की वटवाघळाने हिंग घातला होता का तेही कळवायला सांगा. साडू हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी फोनवरचा तो फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले. मग ताईंना विचारलं, "याच्या आदल्या दिवशी भाजी कसली होती?"

"गवारीची होती बहुतेक," ताई म्हणाल्या. "का?"

साडू उठून मागच्या दारी गेले. त्यांचा चेहरा बघून मीही मागोमाग गेलो. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, ताट धुऊन शेजारी उपडं ठेवलेलं. साडू भिंतीपाशी गेले. भिंतीवर ताजे तुकडे होते, भाकरीचे; एक खार आमच्या चाहुलीने पळाली. त्या तुकड्यांशेजारी एक गोळी पडली होती, अजून ओली. साडूंनी पट्टी काढली नाही. त्यांनी ती गोळी उचलून तळहातावर घेतली, पायरीपाशी आले आणि सासूबाईंसमोर खाली फरशीवर मांडी घालून बसले. एवढ्या वर्षांत ते सासूबाईंसमोर असे कधी बसले नव्हते. सासूबाईंनी पदर ओढला.

"आई, तुमची कवळी जरा दाखवता?"

सासूबाईंनी शेजारचं उपडं ताट उचलून मांडीवर घेतलं. शेडमधलं प्रेस मशीन रविवारचं बंद होतं, त्यामुळे फारच शांत वाटत होतं. शेवटी त्या पदराआडून म्हणाल्या, "लेकीच्या घरी ऱ्हाती ही म्हातारी. आन् काय काय मागायचं, जावाय?" मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "तिची भाकरी ग्वाड असती. माज्याच्यानं चावत न्हाई. सांगितलं तर तिला वाईट वाटंल."

साडूंनी रुमाल पसरून हात पुढे केला. सासूबाईंनी तोंड फिरवून कवळी काढली आणि त्यांच्या रुमालात ठेवली. साडूंनी ती उजेडात धरली आणि तिच्या काठावरून अंगठा फिरवला, हजारो सुट्या भागांवरून फिरवला असेल तसाच, पण फार सावकाश. "चीर गेलीय. धार आलीय इथे," ते म्हणाले. "हिरडी कापत असेल." सासूबाईंनी मान हलवली. "याचं रीवर्क होणार नाही, आई. नवीनच करू." सासूबाईंना त्यातलं रीवर्क कळलं नसावं, पण त्या पदराआड किंचित हसल्या. दारात ताई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एवढे दिवस मी आईला भाकरी समजून दगड वाढत होते, असं म्हणून त्या तिथेच रडायला लागल्या.

परत निघताना साडू मला गाडीपर्यंत सोडायला आले. गाडीच्या बॉनेटवर उंबराचं एक खाल्लेलं पान पडलं होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाले, "राव, मला वटवाघूळ पाहिजे होतं. म्हणून मला वटवाघूळ दिसलं. रोज सकाळी आईंचं उपाशी राहणं मी फोटो काढून पाठवत होतो." त्यांचा खांदा थोपटावा असं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी गाडीची काच पुसत राहिलो. त्या रात्री त्यांनी मॅडमना उत्तर लिहिलं. दुरुस्त नोंद म्हणून त्यांनी फक्त एवढंच कळवलं होतं, की माणूस, घरचा.

निगडीच्या दातांच्या डॉक्टरांनी माप घेतलं, नवी कवळी होईपर्यंत सासूबाईंना दुधात कुस्करलेली भाकरी आणि मऊ भात मिळाला, आणि नवी कवळी बसल्यावर महिनाभरात त्यांच्या बांगड्या मनगटाकडे परत आल्या. माझी बायको आता रात्री झोपते. मधल्या काळात साडूंनी एक फर्मान काढलं होतं, की आईंनी यापुढे एकटं जेवायचं नाही. सासूबाईंनी ते साफ धुडकावलं. जावयासमोर तोंड हलवायचं म्हणजे काय, ते म्या मेल्यावर बगा म्हणाल्या. बरीच तणातणी झाल्यावर तोडगा निघाला तो असा, की दोघांनी मागच्या पायरीवर शेजारी शेजारी बसायचं, तोंडं भिंतीकडे करायची आणि कोणी कोणाच्या ताटाकडे बघायचं नाही. गेल्या वेळी मी ते पाहिलं. साडू समोर उंबराकडे नजर लावून बसलेले, सासूबाई पदराआड जेवतायत, आणि शेजारी भाकरीचा कडक काठ मोडल्याचा आवाज आला की साडूंचा घास थांबतो, तो आवाज पुरा ऐकून मग पुढचा घास जातो.

पण वय आपलं काम करतंच. हल्ली सासूबाईंचं जेवण पुन्हा उतरलंय. या वेळी कवळीला दोष देता येत नाही. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच जाणार, बळजबरी करू नका. त्या अर्धी भाकरी घेतात. साडू चांगले तीन भाकऱ्या खाणारे, पण पायरीवर तेही अर्धीच घेऊन बसतात, म्हणजे त्या थांबल्या की त्यांना आपण एकटीच थांबलो असं वाटत नाही. दोघं बरोबर हात धुतात. सासूबाई म्हणतात, तुमचं बी खाणं कमी झालं की, जावाय. साडू म्हणतात, वय झालं, आई. त्या आडव्या झाल्या की ते स्वयंपाकघरात येतात आणि ओट्याशी उभे राहून, भांड्याचा आवाज होऊ न देता, उरलेल्या भाकऱ्या खातात. ताईंना ते माहीत आहे. सासूबाईंना नाही.